लाल रंग तिनं पाहिला

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एका जुन्या व्हिडिओ गेमच्या पडद्यावरचा हरवलेला लाल रंग परत आणला. दोघांनी — हा शब्द मी आजवर कोणापाशी काढला नाही. तुमच्यापाशी काढतो.

हुडकेश्वरात माझं दुरुस्तीचं दुकान. टीव्ही, अन् पूर्वी गल्लोगल्ली असायच्या त्या व्हिडिओ गेमच्या पेट्या. आता हौशी लोक त्या जपतात. प्रताप नगरचा एक इंजिनिअर अशीच पेटी घेऊन आला होता. गेम चालू, पण चित्राचा रंग बिघडलेला.

मॉनिटर खराब, की गेमच्या बोर्डाकडून रंगच येत नाही? माझी बायको पंचफुला — चौथी शिकलेली — तिनं यावर स्वतःच तोड काढली होती. लाल अन् हिरव्याच्या वायरी आपसात बदलायच्या. तिनं बोट ठेवून दाखवल्या, मी बदलल्या. ती पडद्याकडे पाहत म्हणाली, "आता लाल आला, हिरवा गेला. टीव्ही चांगला हाय जी, कायले उघडता त्याले? बोर्डाकडं पाहा." पाहिलं. बोर्डावर लाल वायरीचा टाका सुटला होता.

असं तिनं किती वर्षं केलं? दुकान उघडलं तेव्हापासून. गिऱ्हाईक समोर असलं तर तोंड उघडायची नाही — बांगडी टेबलावर वाजवायची. एकदा लाल, दोनदा हिरवा. काहून? कारण मले — लिहायला हात आखडतो — लाल अन् हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. लग्न झाल्यावर मी लाल अन् हिरव्या मिरच्या एकाच टोपल्यात भरल्या, तेव्हा ती हसली होती, "बाप्पा, मेकॅनिक अन् असा?" बाहेर मात्र कधी बोलली नाही.

लोक म्हणायचे, काय नजर आहे तुमची. मी ऐकून घ्यायचो. तीही तिथंच बसून ऐकायची. तिचं तोंड कधी वाकडं झालं नाही — मीच तिच्याकडे पाहायचं टाळायचो.

दुपारी इंजिनिअर पेटी घेऊन गेला. चार वाजता पंचफुला बसल्या जागी गेली. रात्री आम्ही घाटावरून परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भेटायला आला. अंगणात चार माणसं होती, माझी पोरगी होती. तो हळूच म्हणाला, "काका, काकूंनाही यातलं काही कळायचं का?"

इतकं सरळ कोणी कधी विचारलं नव्हतं. दुकान तर आता बंदच करायचं होतं. काय जाणार होतं माझं?

"तिले काय कळते," मी म्हणालो. "डबा घेऊन यायची."