गुडघा माझा, शिडीही माझीच

गल्लीत तिला सगळे रंगारीण म्हणायचे. काम ती बापाच्या हाताखाली शिकली. बाप गेल्यावर भावांनी ब्रश टाकले, तिनं नाही. पन्नाशी उलटली तरी उंच छताचं काम आलं की ठेकेदार आधी तिलाच बोलवायचा.

मग उजवा गुडघा कुरकुरू लागला. दुखायचं पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे. शिडी चढताना कळ यायची. उतरताना तर डोळ्यांत पाणीच.

"वहिनी, विका ती शिडी," धाकटा दीर म्हणाला. "या वयात घरी बसावं माणसानं."

"तुम्ही बसा भावजी. तुम्हाला सवय आहे."

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून फिजिओथेरपी सांगितली. पहिल्या ठिकाणी गुडघ्याला शेक दिला, मशीन लावलं, वाटीला चिकटपट्टी मारली. बरं वाटलं, पण कामाचा एक दिवस गेला की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

"हे किती दिवस चालायचं?" तिनं विचारलं.

"येत राहा."

"म्हणजे तुमच्या मशीनशीच संसार करू?" तिनं चपला घातल्या आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

दुसऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी मशीन काढलंच नाही. तिला एका पायरीवरून सावकाश उतरायला लावलं. "गुडघा आत वळतोय बघा. मांडीत आणि कमरेच्या बाजूला ताकद कमी पडतेय. कुशीवर झोपून पाय उचलायचा."

"दुखणं रेड्याला अन् औषध पखालीला!"

बाई खळखळून हसल्या, पण व्यायामातून काही सूट दिली नाही. पहिले काही आठवडे नुसता छळ. ती जमिनीवर आडवी होऊन पाय उचलायची, दीर दारातून म्हणायचा, "सुरू झाली कवायत!" एकदा तर वैतागून तिनं चटई भिरकावली. जरा वेळानं स्वतःच उचलून पुन्हा अंथरली. दिराला हसायची संधी ती देणार नव्हती.

पण काम थांबवून चालणार नव्हतं. कामावर जाताना ती अजून गुडघ्याला चिकटपट्टी मारायची. बाईंनी पट्टी बंद करा म्हटल्यावर ती भांडली, "पट्टीनं दिवस निघतो. ती का सोडू?"

बाईंनी विचार केला. "नका सोडू. कामावर पट्टी लावा. पण पट्टी म्हणजे कुबडी. पाय व्यायामानंच मजबूत होणार."

तसंच झालं. पट्टी हळूहळू सुटली, व्यायाम राहिला. शिडी उतरताना कळ यायची थांबली. उकिडवं बसलं की मात्र अजून टोचतं, आणि ते ती लपवत नाही.

परवा ठेकेदार एका सभागृहाचं काम घेऊन आला. दीर मध्येच बोलला, "त्यांना जमणार नाही, गुडघा आहे."

"गुडघा सगळ्यांनाच असतो, भावजी." मग ती ठेकेदाराकडे वळली. "भिंतीचं खालचं, बसून करायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. छत माझं."