पिपात हात घालायला मीच शिकवलं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता टाळणार नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, या धंद्यात आपले सोयरे आहेत, कशाला उकरून काढता?" सोयऱ्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय.

राहायला आम्ही गारखेड्यात, जमीन पैठण रस्त्याला. नोकरी सांभाळून मी शेतात कोंबड्यांचं शेड टाकलं. पिल्लं आली की पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, दुसऱ्या दिवसापासून पाण्यात अँटिबायोटिकची पावडर. आजारी असोत वा नसोत. माप म्हणजे चहाचा कप. मर वाढली की दोन कप. पाण्याचं पीप ढवळायचं काम शेडवरच्या बाईचं. मेंढरं विकून ती नवऱ्यासोबत सोयगावकडून कामाला आली होती. काठीनं ढवळलं तर पावडर तळाशी बसते, म्हणून कोपरापर्यंत हात घालायला मीच तिला शिकवलं. मलूल कोंबडी मी विकत नसे, बाईला खायला देत असे. हा मला माझा मोठेपणा वाटायचा.

एकदा जाळीची तार तिच्या उजव्या हातात घुसली. हात सुजत गेला. दवाखान्यात भरती केलं, सुया झाल्या, सूज हटेना. डॉक्टरीणबाईंनी खाटेपाशीच मला विचारलं, "जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. शेडमध्ये कोंबड्यांना काय देता?"

"काही नाही मॅडम. हळदीचं पाणी."

खाटेवरून बाईनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय, हळदीचंच."

तपासणीचा कागद येऊन लागू पडणारं औषध मिळेपर्यंत तिची तीन बोटं काढावी लागली. मी खरं बोललो असतो तर बोटं वाचली असती का, मला माहीत नाही. पण विचारलं मला होतं, आणि खोटं मी बोललो.

शेड बंद केलं. पोल्ट्रीवाल्यांच्या बैठकीत उभा राहून सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही कीर्तनं करा." सगळे हसले. हसा. निरोगी पिल्लांना रोज औषध पाजायचं, त्यात कच्चे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात, वाढतात. ते शेडच्या भिंतीआड थांबत नाहीत. खतातून, मांसातून, कामाच्या हातांवरून ते माणसांच्या घरात येतात. मी केलं ते चूक होतं आणि तुम्ही करताय तेही चूक आहे. सोयरीक तोडायची तर तोडा.

बाई गावी परतली होती, त्यानंतर तिला भेटायला सोयगावला गेलो. एसटीत माफीचं वाक्य घोकत होतो. बाईनं डाव्या हातानं चहा गाळला, बशी पुढं सरकवली.

"मालक, शेड बंद केलं म्हणं?"

"केलं."

"बरं केलं. लई खोकायच्या बिचाऱ्या."

ती समोर बसली, उजवा हात पदराखाली. मी काय बोलतो याची वाट पाहत होती, असं मला आजही वाटतं. मी विचारलं, "यंदा कापूस कसाय?" कापसाचं बोलून झालं आणि गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो.