नळी झिजलेली नव्हती

पिस्तूल घेतलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि जर्मनीत झिंडेलफिंगेनला येऊन नऊ वर्षं झाली होती. गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेणं हे माझं काम. ब्रेक का करकरतो, दोष पार्टचा की बसवणाऱ्याचा, हे शोधून काढायचं. नवीन इंजिनिअर आला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायचो की मोजल्याशिवाय पार्टला नावं ठेवायची नाहीत. हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं मला म्हणता येत नाही.

नेमबाजीची आवड कॉलेजात एनसीसीत लागली होती. पुढे नोकरी, लग्न, जर्मनी, यात ती विसरूनही गेलो होतो. मग ऑफिसमधला एक सहकारी मला त्याच्या गावातल्या नेमबाजी क्लबमध्ये घेऊन गेला आणि मी तिथलाच झालो. वर्षभर क्लबच्या पिस्तुलांवर सराव केला, परीक्षा दिली, संघटनेचं पत्र मिळवलं, लांडराट्सआम्टात, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीत, फेऱ्या मारल्या. घरात भिंतीला बोल्टने आवळलेली तिजोरी आली. तिचा नंबर बायकोलाही सांगायचा नाही असा इथला कायदा. ती म्हणाली, "सांगूही नकोस. मला त्या कपाटाशी काही घेणं नाही."

पिस्तूल मी क्लबमधल्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतलं. ते आमच्याच कारखान्यातून टूलमेकर म्हणून निवृत्त झाले होते. घराच्या तळघरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव वर्कशॉपवाले काका असं पडलं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यावर त्यांनी फार चर्चा केली नाही. हत्यारं एकेक करून चांगल्या हातात द्यायची, एवढं ठरवलं. पिस्तूल मला दिलं. एक रायफल उरली होती, तीही क्लबमधलाच एक जण घेणार होता. तो घरांची छपरं घालणारा कारागीर होता.

क्लबमध्ये सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात. मला त्यांना 'डू' म्हणणं कधी जमलं नाही. मी वाक्यच असं फिरवायचो की 'तू' की 'तुम्ही' हा प्रश्न येऊ नये. त्यांच्या ते लक्षात आलं होतं आणि त्यांना त्याची गंमत वाटायची.

पिस्तूल हातात देताना ते म्हणाले, "एक हिवाळा असंच चालव. काही बदलू नकोस. मग माझ्याकडे यादी घेऊन ये, आपण तळघरात बसून बघू काय बदलायचं ते."

मी म्हणालो, "गेनाऊ. अगदी बरोबर."

घरी येऊन त्याच संध्याकाळी मी यादी करायला बसलो.

पहिलं स्वतःचं पिस्तूल घेतलेल्या माणसाला काय होतं हे ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं तर, नवी मोटारसायकल घेतलेल्या पोराला जे होतं तेच होतं. इंटरनेटवर लोक तासन्‌तास याच विषयावर बोलत असतात. चाप हलका करा. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, स्क्रूने फिरवता येणारी बसवा. मूठ बदला, स्प्रिंगा बदला. चाप, साइट, मूठ यांना परवानगी लागत नाही. नळी बदलायची तर आम्टात नोंद करावी लागते. म्हणून नळी सोडून बाकी सगळं माझ्या यादीत होतं. आणि यादी करायला मला एक कारणही मिळालं होतं. माझ्या गोळ्या एका जागी पडत नव्हत्या. दहापैकी सहा-सात डावीकडे खाली जायच्या.

बायको एकदा चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली. माझ्या स्क्रीनवर चापांचा तक्ता होता, चार कंपन्यांची तुलना.

"ते काका काय म्हणाले होते?" तिने विचारलं.

"हिवाळाभर थांब म्हणाले."

"मग?"

"त्यांचा काळ वेगळा होता गं. आता किती चांगले पार्ट मिळतात."

"अजून ऑक्टोबर आहे," ती म्हणाली आणि गेली.

मी लगेच ऑर्डर दिली नाही. ठरवतोय, ठरवतोय असं चाललं होतं. रोज यादी उघडायची, काहीतरी काढायचं, काहीतरी घालायचं. सराव करायचा तो वेळ मी यादीत घालवत होतो हे आता कळतं.

मग क्लबची अंतर्गत स्पर्धा आली. चौदा जणांत मी तेरावा आलो. चौदावी एक आजीबाई होती, तिचा चष्मा मधेच तुटला होता.

स्पर्धेनंतर सगळे आत बसून कॉफी आणि केक खातात. मी क्लबच्या सेक्रेटरीबाईंशेजारी बसलो होतो. त्यांनी सहज, धीर द्यायचा म्हणून विचारलं, "नवीन पिस्तुलाची अजून सवय नाही झाली का?"

हो म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण टेबलाभोवती सात-आठ जण होते आणि मला तेरावा नंबर सहन होत नव्हता. मी खांदे उडवले आणि म्हणालो, "नळी झिजलेली आहे. घेतल्यावर लक्षात आलं."

"अख झो, असं होय," बाई म्हणाल्या.

समोर तो छपरवाला बसला होता. त्याने केकचा काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. काका त्या दिवशी आले नव्हते.

मी नळी तपासली नव्हती. आत दिवा धरून बघितलंही नव्हतं. वाक्य तोंडातून गेलं आणि ते इतकं सहज गेलं, इतकं तांत्रिक वाटलं, की दोन मिनिटांनी माझाच त्यावर विश्वास बसला. ब्रेकवाला इंजिनिअर बोलतोय म्हटल्यावर इतरांचाही बसला.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. शनिवारी सकाळी, क्लब उघडायच्या आधी येशील का, पिस्तूल घेऊन ये. आवाज नेहमीसारखाच होता.

मी पोचलो तेव्हा ते पंचवीस मीटरच्या पट्ट्यावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी वाळूच्या दोन पिशव्या, नळी मोजायचं गेज, एक छोटा टॉर्च. त्यांनी विचारलं, "मी हात लावू का? आता ते तुझं आहे."

इतकी वर्षं त्यांनी जपलेली वस्तू, आणि हात लावायला माझी परवानगी. मी पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवून त्यांच्या समोर ठेवलं. त्यांचा हात थरथरत होता म्हणून गेज त्यांनी माझ्याकडूनच आत घालून घेतलं आणि वाचायला लावलं. मी आकडा वाचला. त्यांनी खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढला, त्यावर त्यांच्याच अक्षरात जुनी मोजमापं होती. फरक नव्हता म्हटलं तरी चालेल.

मग त्यांनी मला मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडायला सांगितल्या. सावकाश, प्रत्येक गोळीनंतर थांबून. कागद जवळ आणला तेव्हा पाचही भोकं दोन युरोच्या नाण्याखाली झाकली असती.

"आता पिशवीशिवाय," ते म्हणाले. "मॅगझिन मी भरतो."

बोटं नीट वळत नव्हती, त्यामुळे त्यांना बराच वेळ लागला. मदत करू का असं विचारायचं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही. पहिली गोळी उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्या वेळी मी चाप ओढला आणि नुसता टक्‌ असा आवाज आला. त्यांनी मधे एक खोटी गोळी भरली होती. बार झालाच नाही, तरी माझ्या हातातल्या पिस्तुलाचं तोंड झटक्यात खाली आणि डावीकडे गेलं होतं. धक्का बसणार म्हणून माझा हात आधीच दचकत होता. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्यांनीही.

"आल्झो, तर हे असं," ते म्हणाले.

मी पिस्तूल खाली ठेवलं, रिकामं केलं. ते गेज पुसून पेटीत ठेवत होते. मान वर न करता म्हणाले, "छपरवाल्याने रायफल नको म्हणून सांगितलंय. त्याने कारण सांगितलं नाही. पण त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं."

"मी बोलतो सगळ्यांशी," मी म्हणालो. "मंगळवारी, सगळ्यांसमोर."

"गूट. चांगलं," ते म्हणाले.

मंगळवारपर्यंत तीन दिवस होते. मी वाक्यं तयार केली, जर्मन नीट करून घेतलं. आणि त्याच तीन दिवसांत मी ऑर्डरही दिली. नवी साइट, फिरवता येणारी. ती सोमवारी आली. मी ती बसवली. का बसवतोय हे तेव्हा मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. नेम चुकतो तो हातामुळे, हे मी शनिवारी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी सोमवारी टेबलावर दिवा ओढून, बारीक स्क्रू आवळत बसलो.

मंगळवारी सगळे जमले होते. काकाही होते, कोपऱ्यात. छपरवाल्याने माझ्या पिस्तुलाकडे बघून विचारलं, "काय, झालं का काही नळीचं?"

ही वेळ होती. वाक्यं पाठ होती. आणि मी म्हणालो, "नवीन साइट बसवली. आता ठीक चालतंय."

खोटं म्हणावं तर त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण ऐकणाऱ्याने जे समजायचं तेच समजलं. जुनं पिस्तूल खराब होतं, या हुशार माणसाने दुरुस्त करून घेतलं. दोन-तीन जण साइट बघायला आले. कौतुक झालं. मी स्क्रू फिरवून दाखवला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. चुकीचा पार्ट निघाल्यावर टूलमेकर जसा तो बाजूच्या खोक्यात टाकतो, तेवढ्याच शांतपणे त्यांनी नजर काढून घेतली. थोड्या वेळाने बायकोला फोन करून त्यांनी गाडी बोलावली.

त्यानंतर ते क्लबला आले नाहीत. जानेवारीत सेक्रेटरीबाईंकडून कळलं की रायफल त्यांनी लांडराट्सआम्टात जमा करून टाकली. तिथे जमा केलेली हत्यारं सहसा मोडीत जातात. गिऱ्हाईक शोधत बसायची आता ताकद नाही, असं म्हणाले म्हणे.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. पहिल्या वाक्यापासून. ती भाजी चिरत होती, ती थांबली.

"मंगळवारी सांगितलंस ना सगळ्यांना? तू मला तसंच म्हणाला होतास."

"नाही सांगितलं."

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मलाही खोटंच सांगितलंस."

फेब्रुवारीत क्लबची वार्षिक सभा झाली. अजेंड्यावर शेवटचा मुद्दा असतो 'फेरशिडेनेस', इतर विषय. छताची गळती, नवीन कॉफी मशीन झालं, आणि अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला काही? मी उभा राहिलो. पाठ केलेलं जर्मन केव्हाच विसरलो होतो. जे आलं ते बोललो. पिस्तुलाची नळी झिजलेली नव्हती. मी ती तपासली नव्हती. वाळूच्या पिशवीवर ते उत्तम चालतं. दोष माझ्या हाताचा आहे. मी नंबर मागे आला म्हणून खोटं बोललो आणि मग साइटच्या नावाखाली पुन्हा खोटं बोललो. रायफलही चांगली असणार.

छपरवाला टेबलाकडे बघत होता. सेक्रेटरीबाईंनी पेन उचललं आणि अगदी सरळपणे विचारलं, "हे प्रोटोकोलमध्ये, सभेच्या इतिवृत्तात, घ्यायचं का?"

"हो," मी म्हणालो. "घ्या."

त्या लिहीपर्यंत मी उभाच राहिलो. एका वाक्यापाशी त्यांनी मला क्रियापद विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

प्रोटोकोलची प्रत घेऊन मी काकांच्या घरी गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ते झोपलेत म्हणाल्या. मी कागद दिला. त्यांनी तो चष्मा नसल्यामुळे लांब धरून बघितला, घडी केली आणि म्हणाल्या, "देते." आत या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाव्या अशी माझी अपेक्षाही नव्हती.

काकांनी तो वाचला का, मला माहीत नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांना मंगळवारी क्लबला जावंसं वाटतंय, पण गाडी चालवायची मनाई आहे आणि मला संध्याकाळी जमत नाही, तुम्ही नेऊन आणाल का. क्लबमधल्या बाकीच्यांना सोडून त्यांनी मला का विचारलं हे मी विचारलं नाही. मी लगेच हो म्हणालो.

आता दर मंगळवारी मी त्यांना नेतो आणि आणतो. गाडीत बसताना दरवाजा मी उघडतो, पट्टा ते स्वतःच लावतात, कितीही वेळ लागला तरी. क्लबमध्ये ते माझ्या मागे खुर्चीवर बसतात. हात सैल सोड म्हणतात, श्वास धर म्हणतात. प्रोटोकोलचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढलेला नाही. हे चांगलं झालं असं मला वाटत नाही. एकदा तरी त्यांनी रागवावं असं वाटतं.

मागच्या महिन्यात परत येताना सिग्नलला थांबलो होतो. ते खिडकीबाहेर बघत होते.

"रायफल चांगली होती," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

सिग्नल सुटला. घरी पोचल्यावर मी उतरून त्यांच्या बाजूचा दरवाजा उघडला.