पोशीरच्या शेतातलं भुताचं जहाज

चहा गार झाला तरी चालेल, पण हे आधी ऐका. भुताचं जहाज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तेही पोशीरच्या भातशेतात. आत्ताच हसू नका. पुढे हसायला भरपूर जागा आहे.

मी तेव्हा खोपोलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. पुण्याच्या एका प्रकाशकांनी मराठ्यांच्या आरमारावर जाडजूड कादंबरी काढली होती. तिच्या जोडीला त्यांना चित्रांचं पुस्तक हवं होतं. गुराब कशी, गलबत कसं, डोलकाठी कुठे, शीड कुठे, हे घाटावरच्या वाचकाला कळावं म्हणून. ते काम माझ्याकडे आलं. समुद्राशी माझा संबंध म्हणाल तर सुक्या बोंबलापुरता.

बाकीची चित्रं इथून तिथून पाहून निभावली. अडलं ते शेवटच्या प्रकरणाशी. बुडालेलं जहाज धुक्यातून परत येतं, आणि त्यावर मेलेला कप्तान. माझं चित्र पाहून प्रकाशक म्हणाले, "मास्तर, हे घमेल्यावर चादर वाळत घातल्यासारखं दिसतंय. अंगावर काटा यायला हवा. नाही जमलं, तर सगळंच पुस्तक दुसऱ्याकडून करून घेतो."

म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात, आणि तेसुद्धा समुद्र न बघता. माझी झोप उडाली.

मे महिन्यात पोशीरला बहिणीकडे गेलो. शेतात राब भाजत होते. पालापाचोळा, शेण पसरून रोपांची जागा जाळतात ना, ते. संध्याकाळी वारा पडला आणि तो धूर गुडघाभर उंचीवर पसरून राहिला. बांध बुडाले, झाडांचे बुंधे बुडाले. मी म्हटलं, अरे, हाच आपला समुद्र.

बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना गळ घातली. बैलगाडीवर बांबू उभा करायचा, त्याला धोतर बांधायचं, आणि बैल सोडून ती गाडी उतारावरून धुरात ढकलायची. मी समोरच्या बांधावर बसून चित्र काढणार.

"मास्तर, लोक काय म्हनतील?" दाजी म्हणाले.

"लोक लग्नघरात आहेत." ते खरंच होतं. शेजारच्या मुलीचं लग्न होतं, आणि शिळफाट्याहून टेंपो भरून वऱ्हाड आलं होतं. शहराकडची माणसं म्हणून यजमानांनी त्यांची सगळी सोय केली होती.

मी बांधावर बसलो. दिवस मावळला. गडबड नाही, आवाज नाही, नुसता धूर सरकतोय. आणि त्या धुरातून एक पांढरं शीड वर आलं.

काय सांगू! शीड हळूहळू सरकत होतं, चाकाचा करकर आवाजसुद्धा नाही. मनात म्हटलं, वा दाजी. हात कागदावर आपोआप चालायला लागला.

तेवढ्यात शिडाच्या आत उजेड पेटला. शीड पिवळं झालं आणि त्यावर एक प्रचंड काळी सावली उभी राहिली. डोक्याला फेटा. मी कंदील सांगितला नव्हता. फेटाही सांगितला नव्हता. सावली क्षणभर थांबली, आणि सावकाश खाली बुडाली. अर्धी बुडून तिथेच राहिली, गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून. माझी पेन्सिल थांबली नाही.

आणि कानाशी आवाज आला, "मास्तर, चाक बांधाला आडकलंय वो. गाडी जागची हलत नाय."

दाजी माझ्या मागे उभे होते.

"मग ते काय आहे?" मी बोट दाखवलं. दाजींनी पाहिलं, आणि वहाणा तिथेच टाकून पळाले. मीही पळालो, कागद छातीशी धरून, थेट लग्नघराच्या मांडवात. "भूत, शेतात भूत," एवढंच तोंडातून निघालं. पंगत उठली. काठ्या, टेंभे घेऊन माणसं निघाली आणि मला त्यांनी पुढे घातलं, कारण पाहिलं मीच होतं.

धुरात ते शीड अजून पिवळं उजळत होतं. मी सगळा धीर गोळा करून ओरडलो, "कोण आहेस? कुठल्या बंदराचा?"

आतून खाकरल्याचा आवाज आला. "शिळफाट्याचा. जरा दम धरा की. इथंबी वरात आणली व्हय?"

नवरदेवाचे मामा होते ते, कंदील घेऊन गेलेले. वऱ्हाडासाठी यजमानांनी शेताच्या कडेला चार बांबू रोवून, पांढरं कापड लावून परसाकडेला जायला आडोसा केला होता. तो जागचा हलला नव्हता. हलत होता धूर.

मामा रुसले. लग्न अडतंय की काय अशी वेळ आली. मी सगळ्या मांडवादेखत त्यांचे पाय धरले, तेव्हा कुठे ते पाटावर बसले.

चित्र मात्र प्रकाशकांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मग म्हणाले, "मास्तर, काटा आला बघा. आणि कप्तानाची ही बैठक! केवढा भार आहे त्या माणसाच्या मनावर. हे मुखपृष्ठावर घेतो."

पुस्तक निघालं. मामांना कुणीतरी ते दाखवलं, आणि गंमत बघा, मामा खूश. शिळफाट्यावर ज्याला त्याला पुस्तक दाखवून सांगतात, "ह्यो मी हाय."

मी मात्र कुणाला ते पुस्तक दाखवतो, तेव्हा मुखपृष्ठावरच्या माझ्या सहीवर अंगठा ठेवतो.