रेघ ओळीवर की ओळीतून

“मिस राव, ही रेघ जरा वर सरकवली तर काय होईल?”

सेक्रेटरी सुब्रमण्यम माझं नोटबुक खिडकीच्या उजेडात धरून विचारत होते. त्यांना शॉर्टहँडचं ओ की ठो कळत नव्हतं. पण ही एक रेघ त्यांनी मला तीनदा समजावून सांगायला लावली होती.

“तर तो दुसरा शब्द होईल, सर.”

“मग सरकवा.”

त्यांनी नोटबुक टेबलावर ठेवलं आणि वर माझी सर्व्हिस फाईल ठेवली. मुद्दामच. त्या फाईलमध्ये माझ्या कन्फर्मेशनचा कागद सहीवाचून पडला होता. मी टेम्पररी होते. घरात आई आणि मी, दुसरं कमावणारं कोणी नाही.

आता ही रेघ काय होती ते सांगते. शॉर्टहँडमध्ये आपण अक्षरं लिहीत नाही, उच्चार लिहितो. व्यंजनांच्या रेघा असतात, स्वरांचे बारीक ठिपके आणि काड्या असतात. माणूस भरभर बोलायला लागला की ठिपके द्यायला वेळ नसतो, ते गाळायचे. मग शब्द ओळखायचा कसा? रेघेच्या जागेवरून. रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर टेकली आहे की ओळ कापून खाली गेली आहे, त्यावरून आतला स्वर समजतो. घाईत बहुतेक स्टेनो जागा पाळत नाहीत, नंतर संदर्भाने लावून घेतात. मला तंजावरात ज्या मास्तरांनी शिकवलं ते जागा चुकली की पट्टीने बोटांवर मारायचे. म्हणायचे, “स्वर गाळ, जागा सोडू नकोस.” त्यामुळे माझी जागा झोपेतही चुकत नसे.

‘ज’ची रेघ जाड आणि तिरकी. ती ओळीवर टेकली तर वाचायचं ‘एज’. म्हणजे वय. तीच रेघ ओळीतून गेली तर वाचायचं ‘ज्यू’. म्हणजे यहुदी.

आमचं ऑफिस म्हणजे मद्रासमधलं एक निमसरकारी बोर्ड. नाव सांगत नाही. नळ आणि इतर सामान साठवायचं मोठं यार्ड एन्नोरला होतं आणि तिथले सुपरिंटेंडेंट होते रूबेन झिराडकर. अलिबागेकडचे बेने इस्रायल. म्हणजे कोकणात कित्येक पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे यहुदी. अख्ख्या ऑफिसात मराठी बोलणारी आम्ही दोघंच. त्यांचं मराठी कोकणातलं, माझं तंजावरचं, मराठे राजांच्या काळातलं जुनं, त्यात निम्मं तमिळ. मला म्हणायचे, “रावबाई, तुमचं मराठी ऐकलं की वाटतं आत्ता दारात घोडा येऊन थांबेल.” मी म्हणायचे, “तुमचं ऐकलं की वाटतं मासळी विकायला आलात.” शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, त्या दिवशी ते काम करत नसत. त्याबदली रविवारी एकटे यार्डात जाऊन स्टॉक मोजत. त्यांच्या मोजणीत कधी एक नळसुद्धा कमी भरला नाही.

त्यांना स्टोअर्सची वरची जागा मिळायची होती. उमेदवार दोन होते. दुसऱ्याला बोर्डावरच्या एका मेंबरांचा पाठिंबा होता. हे मेंबर पेशाने वकील, पुढारी माणूस, बीचवरच्या सभांमध्ये भाषणं करायचे. आवाज खणखणीत. आधीच्या वर्षी त्यांनीच भांडून नियम करून घेतला होता की त्यांचा शब्दन् शब्द रेकॉर्डवर यावा, ऑफिसने काटछाट करू नये. म्हणून तर मीटिंगला मी बसायचे.

ते सुएझच्या लढाईचे दिवस होते, छप्पन साल. इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनी मिळून इजिप्तवर हल्ला केला होता आणि लोक चिडले होते. मीही चिडले होते. बीचवर निषेधाची सभा झाली तिला मी मैत्रिणीबरोबर गेले, घोषणाही दिल्या. त्याचं मला आजही काही वाटत नाही. हल्ला वाईटच होता. वाटतं ते दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीचं. कॉफीच्या वेळी झिराडकर हेड ऑफिसला आले होते. मी त्यांना म्हटलं, “साहेब, हे काय करून बसले तुमचे लोक?”

त्यांनी कप खाली ठेवला. “माझे लोक? माझे लोक या दिवसांत भात झोडत असतील, रावबाई.”

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरात या जागेसाठी बोर्डाची मीटिंग झाली. झिराडकर बाहेर व्हरांड्यात बसले होते, बोलावणं आलं तर आत यायचं म्हणून. कमिटी रूमला अर्धी झुलती दारं. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

वकीलसाहेब उठले. आधी दहा मिनिटं सुएझवर बोलले. बोर्डाच्या नळांचा आणि सुएझचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. मग म्हणाले, “माय ऑब्जेक्शन इज नॉट टु द मॅन. माय ऑब्जेक्शन इज टु द ज्यू.” माणसाला माझा विरोध नाही, ज्यूला आहे. आणि पुढे, “असा माणूस आपल्याकडे राहणार तरी किती दिवस?”

माझी पेन्सिल चालत राहिली. ती आमची सवयच असते, अर्थ मागाहून डोक्यात शिरतो. तो शिरला तेव्हा मी मान वर केली. नऊ मेंबर होते. एक जण पंख्याकडे बघत होता, एक जण घड्याळाकडे. सगळे मूग गिळून बसलेले. चेअरमन खाकरले आणि म्हणाले, विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. मी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी झिराडकरांचा अर्ज आला. एका वाक्याचा. काल माझ्या धर्माबद्दल जे शब्द काढले गेले ते रेकॉर्डमध्ये जसेच्या तसे असावेत, एवढीच विनंती.

आता ऑफिसची पळापळ झाली. वकीलसाहेबांनी फोन करून सांगितलं की मी ‘ज्यू’ म्हणालोच नाही, ‘एज’ म्हणालो. उमेदवाराचं वय झालंय, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि खरंच, वाक्यात ते चपखल बसत होतं. असा माणूस किती दिवस राहणार? वय झालेला माणूस, रिटायर होईल. म्हणून सुब्रमण्यमसाहेब माझं नोटबुक उजेडात धरून बसले होते.

“सर, मी कानाने ऐकलंय,” मी म्हटलं.

“नऊ मेंबरांनी ऐकलेलं नाही. तुम्ही एकट्यांनीच ऐकलं?”

“मला ऐकण्याचाच पगार मिळतो, सर.”

हे उद्धट होतं. जिभेला हाड नाही, आई नेहमी म्हणायची. सुब्रमण्यमसाहेब वाईट नव्हते, भित्रे होते. हळूच म्हणाले, “पोरी, एका रेघेचा प्रश्न आहे. शुक्रवारपर्यंत विचार कर.”

संध्याकाळी झिराडकर बस स्टॉपवर भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं, रेघेपासून फाईलपर्यंत. मनात एक आशा होती, आता लाज वाटते सांगायला. वाटलं, वडीलधारे आहेत, म्हणतील, जाऊ दे बाई, लिही एज, तुझी नोकरी महत्त्वाची.

त्यांनी एन्नोरची बस येते का ते वाकून बघितलं. मग म्हणाले, “तुमच्या नोकरीसाठी मी म्हणायला हवं की लिहा एज. पण मी म्हणत नाही. माफ करा.”

“वयावर नाकारलं तर पुढच्या खेपेला...”

“पुढच्या खेपेला वय वाढलेलंच असणार. आणि खरं कारण कुठेच नसणार. मग मी घरी सांगू काय? मुलीला सांगू काय?” बस आली. पायरीवर पाय ठेवून म्हणाले, “मद्रासला एवढी वर्षं काढली. कोणी विचारलं नव्हतं, तू कुठला म्हणून. तुम्हीसुद्धा नाही. सुएझपर्यंत.”

बस गेली. मी पुढची बस सोडली. त्या पुढचीही सोडली. मला स्वतःचा संताप आला होता.

शुक्रवारी मी टाईप केलेला कागद सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला. ‘ज्यू’ होतं तिथे ‘ज्यू’च. त्यांनी वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. माझी फाईलही त्याच ड्रॉवरमध्ये गेली.

रेकॉर्ड मंजुरीसाठी बोर्डापुढे जाणारच होतं, म्हणून पुढच्या मीटिंगला वकीलसाहेब तयारीनिशी आले. बरोबर एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला पगडी, गळाबंद कोट. वकीलसाहेबांचे स्वतःचे स्टेनो, कोर्टात हयात गेलेले. वकीलसाहेब म्हणाले, या मुलीचं लिखाण कच्चं आहे, जाणकाराकडून वाचून घ्या. त्यांचा हिशेब साधा होता. घाईत लिहिलेल्या नोटबुकात जागा सरळ नसणार, म्हातारा म्हणेल दोन्ही वाचता येतं, आणि संशयाचा फायदा त्यांना.

पण एक चूक झाली. त्यांनी म्हाताऱ्याला वाद कुठल्या शब्दाचा आहे ते सांगितलंच नव्हतं. नोकराला काय सांगायचं, असं वाटलं असावं.

चेअरमननी माझं नोटबुक पुढे केलं. म्हातारबुवांनी चष्मा पुसला. पहिल्या पानापासून वाचायला लागले. सुएझची दहा मिनिटं, एकही अडखळण नाही. एकच रेघ घाईत वर राहिली असेल तर? मीच चुकून ओळीवर टेकवली असेल तर? तीन वेळा तपासली होती, तरी त्या क्षणी माझा माझ्यावर विश्वास उरला नाही.

“माय ऑब्जेक्शन इज नॉट टु द मॅन,” म्हातारबुवा एका सुरात वाचत होते. “माय ऑब्जेक्शन इज टु द ज्यू. सच अ मॅन...”

“थांबा,” वकीलसाहेब म्हणाले. “नीट बघा. एज असेल.”

म्हाताऱ्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. मग मालकाकडे बघितलं. तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला कशाला आणलंय. चेहरा पडला. तरी बोट त्या रेघेवर ठेवून म्हणाले, “नाही सर. एज असतं तर रेघ ओळीवर बसली असती. ही ओळीतून गेली आहे. या वहीत सगळ्या रेघा आपापल्या जागी आहेत.” वही परत देताना माझ्याकडे बघून हलकेच पुटपुटले, “नल्ल कैयेळुत्तु.” चांगलं अक्षर आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वकीलसाहेब तरी मागे हटेनात. म्हणाले, कोणी काही वाचो, माझ्या मनात वयच होतं. चेअरमननी समोरची फाईल उघडली. फाईल लावायचं काम माझं. दोन्ही उमेदवारांची सर्व्हिस शीटं, जन्मतारखांसकट, मी त्या सकाळी सगळ्यात वर ठेवली होती, कोणी सांगितलं नसताना. चेअरमननी एक बघितलं, मग दुसरं.

“वयच असेल,” ते म्हणाले, “तर तुमचा उमेदवार झिराडकरांपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.”

पंख्याकडे बघणारा मेंबर हसला. मग बाकीचे हसले. मला त्या हसण्याचाही राग आला. पंधरा दिवसांपूर्वी यांच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

जागा झिराडकरांना मिळाली. शब्द रेकॉर्डवर राहिला. माझं कन्फर्मेशन वर्षभर लांबलं, पण झालं. म्हणजे सगळं नीट झालं, असं मी बरीच वर्षं सांगत असे.

तसं नव्हतं. त्या मीटिंगची बातमी ऑफिसभर झाली होती. शिपाई त्यांना आपसात ‘इस्रायल साहेब’ म्हणायला लागले, वाईट हेतूने नाही, मजेने. पेपरात तिकडचं काही आलं की कोणीतरी त्यांच्या केबिनमध्ये डोकावून विचारायचं, “काय साहेब, तुमचं काय म्हणणं?” वीस वर्षं जो माणूस एन्नोरचा झिराडकर होता, त्याला रोज कुठल्या तरी दूरच्या सरकारबद्दल जाब द्यावा लागायचा. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. तीन वर्षांनी, रिटायरमेंटला अजून अवधी असताना, राजीनामा दिला. बायको आणि मुलीला घेऊन इस्रायलमध्ये हैफाला मेहुण्याकडे निघाले.

निरोपाच्या चहाला वकीलसाहेबही आले होते. हार घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं? असा माणूस किती दिवस राहणार?”

झिराडकर जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आले. “तिथली भाषा मला येत नाही, रावबाई. तिथे मला लोक मराठी म्हणणार.”

मी मान खाली घालून जिना उतरले. डोळे भरून आले होते.

रिटायर झाल्यावर मी मैलापूरला शॉर्टहँडचे क्लास घेतले. पट्टी कधी वापरली नाही. पहिल्या दिवशी सांगायचे, घाई असेल तर स्वर गाळा, जागा सोडू नका. मुली मान डोलवून लिहून घ्यायच्या. ‘जागा सोडू नका’ हे मला त्या दिवशी जिन्यावर झिराडकरसाहेबांनाही सांगायचं होतं. पण ‘तुमचे लोक’ हा शब्द त्या ऑफिसात पहिल्यांदा मीच काढला होता. सांगायला मला तोंड नव्हतं.