तिसऱ्या खाचेवरचा रुमाल

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्या पोटात मेमरीची कार्डं बसवायला चार खाचा होत्या, त्यातल्या दोन भरलेल्या. तिसरी आमच्या शाखेच्या कार्डासाठी राहावी म्हणून एसटीत टाकतात तसा मी तिच्यावर रुमाल टाकून ठेवला. दुसऱ्या शाखेचं कार्ड आधी आलं. त्यांनी रुमाल पाहिला आणि मुकाट्याने चौथ्या खाचेत बसवलं. रुमालाचा मान आमच्याकडे सगळेच राखतात.

तेव्हापासून बदल्यांची यादी अर्ध्यावर अडकू लागली. पुढची नावं मशीनमध्ये मावेचनात.

मग मशीन दुरुस्त करायला एक मेकॅनिक आला. चपला दाराशी काढल्या, मशीनला बोटं लावून कपाळाला लावली आणि झाकण उघडलं. रुमाल चिमट्याने उचलून त्याने शांतपणे हुंगला. मग एकेकाच्या डोक्याकडे पाहत गेला. चमेलीचं तेल कचेरीत मी एकटाच लावायचो.

"मधात जागा खाली राह्यली का मशीनले वाटते, पंगत इथंच संपली," तो म्हणाला. "मंग ते पुढं पाहतच नाही."

त्याने कार्ड तिसऱ्या खाचेत सरकवलं, रुमाल खिशात टाकला आणि गेला. यादी सरसर छापली गेली. शेवटचं नाव माझं होतं. सावनेर.

सोमवारी सावनेरची गाडी गच्च भरली होती. खिडकीजवळची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर माझा रुमाल होता. शेजारी तो मेकॅनिक, मांडीवर हत्यारांची पेटी.

"बसा भाऊ," तो म्हणाला. "कोणीच हात नाही लावला."