सुकलाल मेहताजीची पसंती

लूमवाले ओरडून बोलतात म्हणून लोक आम्हाला अडाणी म्हणतात. अरे बाबा, तुम्ही उभे राहा पंधरा वर्षं त्या खटखटाटात, मग बघू तुमचा आवाज किती गोड राहतो! खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, कानाचा उपयोगच नसतो. समोरच्याचं तोंड बघायचं, हाताच्या खुणा बघायच्या, समजून घ्यायचं. मी भिकन. माझा एक कान गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे. सुकलालचे दोन्ही गेले होते.

आम्ही पारोळ्याकडचे, एकाच गावचे. सुरतेत लिंबायतला एका खोलीत राहिलो, पर्वत पाटियाजवळ नगीनशेठच्या खात्यात शेजारी शेजारी लूम चालवले. फरक एवढाच, की तो मॅट्रिक होता, अक्षर मोत्यासारखं, आणि गुजराती त्यानं दुकानांच्या पाट्या वाचून शिकून घेतलं होतं. शेठचा जुना मेहताजी वारला तेव्हा शेठनं त्याला वरच्या ऑफिसात हिशेबाला बसवलं. लिंबायतचा मराठी माणूस सुरतेत मेहताजी! त्याच्या बायकोनं, सरलाबाईनं, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. त्या खुर्चीच्या भरवशावर त्यानं मुलीला, नूतनला, कॉलेजात घातलं. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली ती पहिलीच.

मेहताजी बहिरा आहे हे शेठला बरीच वर्षं कळलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. समोर बसलेल्याचं तोंड सुकलाल वाचायचा. गुजराती वाचायचा, हिंदी वाचायचा, दलालाचं पानानं भरलेलं तोंडसुद्धा वाचायचा. शेठची नजर फोनकडे वळली की मात्र हा हमखास कागद घेऊन बाहेर निघायचा. शेठला वाटायचं, मेहताजी अदब राखतो, मालकाच्या आधी फोन उचलत नाही. मी म्हणायचो, "कानाचं मशीन घे ना." तो म्हणायचा, "म्हणजे गळ्यात घंटा बांधून फिरू?"

सत्त्याण्णव साली शेठनं कॉम्प्युटर आणला. त्याला शेठच्या गादीला लागून वेगळी केबिन, केबिनला एसी, चपला बाहेर. रोज सकाळी अगरबत्ती. पण नुसत्या मशीनचं काय लोणचं घालायचं? त्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर हवं. शेठ म्हणाला, "सुकलालभाई, चालवायचं तुम्हाला, तर पसंत पण तुम्हीच करा. तमे कहो ते खरुं." तुम्ही म्हणाल ते खरं. केवढा मान! सुकलाल दोन दिवस जमिनीवर पाय ठेवत नव्हता.

पहिला दाखवायला आला तो टायवाला पोरगा. मी तेव्हा माल उतरवल्याची चिठ्ठी घेऊन वर गेलो होतो, दारातच थांबलो. पोरगा हुशार असावा. बटणं दाबत होता, पडद्यावर आकडे पळत होते, आणि त्याचं बोलणं चालूच होतं. पण तोंड? तोंड सगळा वेळ पडद्याकडे! सुकलाल त्याच्या मागे उभा. त्याला दिसत होती फक्त टायवाल्याची मान आणि तेल लावलेले केस. तरी दर थोड्या वेळानं म्हणतोय, "हो, हो. बराबर." कॉम्प्युटरसमोर कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, हे आम्हाला काय माहीत!

खाली आल्यावर मी त्याला धरलं. आमचं आपसातलं बोलणं घरचंच, अहिराणीत. "शेठले सांगी दे ना भो, माले ऐकू येत नही म्हनीसन."

"सांगसू तं उद्या खुर्ची जाई," तो म्हणाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

दुसरा आला कतारगामचा एक जाडा. त्यानं मशीन जेमतेम दोन मिनिटं चालवलं. मग खुर्ची फिरवली, चहा मागवला, आणि सुकलालच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून गप्पा मारत बसला. एन्ट्री कशी करायची, बिल कसं निघतं, सगळं तोंडासमोर. सुकलालला शब्द न् शब्द समजला. संध्याकाळी रिक्षात मला म्हणाला, "हा माणूस चांगला आहे भिकन. नीट समजावतो." चेहरा असा उजळलेला, जसं काही पोरीचं लग्न ठरलं. मी म्हटलं, देवा, होऊ दे एकदाचं. शेठनं विचारलं, "बराबर जोयुं ने?" नीट बघितलंत ना? सुकलाल म्हणाला, "हो शेठ." घेतलं तेच.

आता कापडाची गोष्ट अशी, की तागा तागा सारखा नसतो. एक शंभर मीटरचा निघतो, दुसरा सात-आठ मीटर कमी. व्यापारी पैसे देतो मीटरचे. आणि कतारगामवाल्याचं सॉफ्टवेअर नुसते तागे मोजायचं! दोन महिन्यांत बिलं परत यायला लागली. सुकलाल हातानं दुरुस्त्या करून करून मेला. शेठनं जाड्याला बोलावलं, तर तो हात झटकून मोकळा. "मीटरचं तुमच्या मेहताजींनी विचारलंच नाही."

नेमका मी तेव्हाही वरच होतो. जाड्या गेला आणि शेठ गादीवरून तडकला, "सुकलालभाई! त्या टायवाल्यानं तीनदा सांगितलं, घ्याल तिथं मीटरचं आधी विचारून घ्या. मी इथून ऐकलं. तुम्ही जवळ उभे राहून नाही ऐकलं?"

केबिनचं दार उघडंच होतं, सुकलाल शेठकडे पाठ करून एन्ट्री करत होता. वळलाच नाही. शेठनं पुन्हा हाक मारली. पुन्हा. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कामात गुंगलाय शेठ." शेठ उठला, पाण्याचा स्टीलचा ग्लास उचलून केबिनमध्ये गेला आणि सुकलालच्या पाठीमागे फरशीवर सोडून दिला. दारातल्या मला, अर्ध्या बहिऱ्याला, तो आवाज ऐकू आला. सुकलालची बोटं बटणांवर चालूच होती.

नगीनशेठ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तोंडावर शिव्या तरी दिल्या असत्या! दुसऱ्या दिवशी त्यानं सुकलालला आत बोलावलं, आणि बोलायची वेळ आली तशी लाज वाटली त्याला. उठून खिडकीशी गेला, बाहेर बघत बोलला. इतकी वर्षं, नाइलाज, पुतण्याला बसवतोय, हा महिना भरून घ्या. मी दाराशीच उभा होतो, मला ऐकू आलं. सुकलाल त्या पाठीकडे बघून म्हणाला, "हो शेठ."

बाहेर आला तो हसत. जिन्यावर मला म्हणाला, "शेठचा राग गेला वाटतं. काय म्हणाला रे? खिडकीकडे तोंड होतं त्याचं."

म्हणजे आता ते मी सांगायचं! मी त्याच्या समोर, एक पायरी खाली उभा राहिलो आणि सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, "परत सांग." परत सांगितलं. "परत सांग." अरे, समजलंय तुला! पहिल्यांदाच समजलंय! मी ओरडलोच, "शेठनी तुले काढी टाकं, सुक्या!" खाली लूम चालू होते, कोणी वर बघितलंसुद्धा नाही.

मी पुढं बोलत होतो. दुसरीकडे बघू, मी आहे ना, नूतनच्या कॉलेजचं काहीतरी करू. सुकलाल पायरीवर बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.